फुलपुडी बंद करायची असेल तर

पहिली गोष्ट, फुलपुडीवाल्याला इतक्यात बंद करू नकोस. घरात बाग करायची ठरली की माणसं दोन कुंड्या आणतात आणि त्याच संध्याकाळी पुडीवाल्याला सांगून टाकतात, उद्यापासून नको. मग देव महिनाभर तुळशीच्या पानावर भागवतात आणि कुंडीतलं रोप काही कळी धरत नाही. पुडी चालू ठेव. सलग आठवडाभर तबकात घरची फुलं पुरली की मग सांग त्याला, तेही अर्धी कर म्हणून. भर पावसाळ्यात तुला त्याची परत गरज लागणार आहे.

बाग केवढी करायची, याचं मापही ही पुडीच ठरवू दे. तुझ्या देव्हाऱ्याला रोज लागतं काय? गणपतीला एक लाल जास्वंद, देवीला एखादं तांबडं-पिवळं, शंकराला आणि बाळकृष्णाला पांढरं, चार दुर्वा, तुळशीची मंजिरी. सगळी मिळून सात-आठ फुलं. त्यावर कधी केसात माळायला मोगरा मिळाला तर ती चैन. एवढं पाच-सहा कुंड्या देतात. त्यापुढची प्रत्येक कुंडी हौसेची, आणि हौस दुसऱ्या वर्षी करायची.

मी फुलांचा असा हिशेब करते याला कारण आहे. १९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो रीतसर मिटलाच नाही. त्या दिवसांत आमच्या मजल्यावरच्या बायका दादरहून फुलं आणून हार ओवून द्यायच्या. त्यांच्यात बसून मी शिकले, कुठलं फूल दुपारपर्यंत मान टाकतं, कुठलं दोन दिवस टिकतं, श्रावण लागला की कशाचा भाव चढतो. दादरच्या बाजारात वसई-विरारकडचा मोगरा आणि चाफा पहाटेच्या लोकलने उतरतो. ती माणसं किती वाजता उठून फुलं खुडत असतील याचा विचार केला की पुडी महाग वाटत नाही. तरी घरचं फूल ते घरचं फूल.

आता ऊन. माझं सगळं सांगणं एका वाक्यात हवं असेल तर हे घे: आपल्याकडे बाग चौरस फुटांत मोजायची नाही, उन्हाच्या तासांत मोजायची. जागा कितीही असो, ऊन नसेल तर फूल नाही. पानं येतील, वेल वाढतील, लोक छान म्हणतील, पण तबक रिकामं.

म्हणून रोप आणण्याआधी एक रविवार खडू घेऊन बस. सकाळी आठ, दहा, बारा, दोन आणि चार वाजता फरशीवर उन्हाची कड आखायची आणि शेजारी वेळ लिहायची. संध्याकाळी दिसेल, कुठल्या फरशीवर पाच-सहा तास ऊन होतं आणि कुठे ते नुसतं येऊन गेलं. पाच-सहा तासांच्या जागी जास्वंद, मोगरा, झेंडू, सदाफुली, तुळस. तीन-चार तासांच्या जागी तगर, अबोली, गोकर्ण. गोकर्णीला जास्त ऊन मिळालं तर ती जास्त फुलते, पण कमी मिळालं म्हणून रुसत नाही. जिथे थेट ऊन नाहीच, नुसता उजेड आहे, तिथे मनी प्लांट लाव आणि फुलाची अपेक्षा सोड. फार तर लोक ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात ते निवडुंगाच्या जातीचं झाड ठेव. पान खोचलं तरी ते लागतं. पावसाळ्यात एखाद्या रात्री फुलतं आणि सकाळी मिटतं. चाळीत त्या रात्री आमच्या दारात वरच्या मजल्यापासून सगळे येऊन जातात. पण देवाला रोज वाहायला त्याचा उपयोग शून्य.

खडूची रेघ एकदा मारून भागत नाही. मुंबईत १५ मेच्या सुमाराला आणि परत जुलैच्या शेवटी सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, बाकी सगळं वर्ष दक्षिणेला. त्यामुळे उत्तरेच्या गॅलरीत मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं आणि थंडीत मुळीच येत नाही. दक्षिणेच्या गॅलरीचं उलट. डिसेंबरात ऊन थेट खोलीत भांड्यांच्या मांडणीपर्यंत शिरतं आणि मे महिन्यात कठड्याच्या बाहेरच राहतं. तेव्हा एक रेघ डिसेंबरची आणि एक मेची. आणि समोरच्या जागेला पत्रे ठोकलेले दिसले तर तिथे किती मजले येणार याची आधी चौकशी कर, मग मोगरा आण. लालबागमध्ये आता हे विचारून घ्यावंच लागतं.

दिशांमध्ये पूर्व सगळ्यात सोईची. सकाळचं ऊन झाडाला मानवतं. पश्चिमेला दुपारनंतरचा तडाखा असतो. तिथे एप्रिल-मेमध्ये कुंडीची बाजू हात लावला तर पोळते आणि मुळं आत शिजतात. अशा गॅलरीत कुंडी एका मोठ्या जुन्या कुंडीत ठेवायची, किंवा उन्हाच्या बाजूला गोणपाट बांधायचं. झाडाला ऊन हवं असतं, कुंडीला नको असतं.

तुमची चाळ पडली, टॉवर झाला आणि तू सतराव्या मजल्यावर गेलीस. आम्ही अजून पहिल्या मजल्यावर, कॉमन गॅलरीत. तुझ्याकडे ऊन माझ्याहून जास्त, पण तुझा शत्रू वारा. उंचावर वारा पानांतलं पाणी ओढून घेतो, त्यामुळे माझी कुंडी दोन दिवस ओली राहते तिथे तुझी एका दिवसात सुकेल. उंच वाढणारं काही लावू नकोस. जास्वंद कमरेच्या वर जाऊ देऊ नकोस, छाटून बुटकी आणि भरलेली ठेव. गोकर्ण ग्रिलला बांध. आणि कुंडी कठड्यावर किंवा ग्रिलच्या बाहेरच्या पत्र्यावर कधीही ठेवायची नाही, सुतळीने बांधली असली तरी नाही. बारा इंची कुंडी ओली झाली की वीस किलोच्या आसपास भरते. खालून माणसं जातात. गणपतीत तर इथे मुंगीला वाट नसते.

घर दाखवताना तुम्हाला फ्लॉवर बेड म्हणून एक कोनाडा दाखवला असेल तर त्यातही थेट माती भरू नकोस. या फ्लॉवर बेडची गंमत अशी की २०१२ सालापर्यंत मुंबईत ते एफएसआयमध्ये धरत नसत. म्हणून बिल्डर ते हौसेने काढायचे आणि लोक ते हौसेने खोलीत घ्यायचे. मुंबईत हजारो फ्लॉवर बेड असतील आणि त्यांत फूल क्वचितच कुणी पाहिलं असेल. त्यात माती भरलीस तर पाणी झिरपून खालच्यांच्या छताला ओल धरेल. कुंड्या ठेव, विटांवर उचलून.

कुंडी मातीची की प्लॅस्टिकची, यावर भांडणारी माणसं मी बघितली आहेत. मातीची कुंडी श्वास घेते, पण लवकर सुकते आणि जड असते. तुझ्या मजल्यावर प्लॅस्टिकची जाड कुंडी चांगली. आमच्या चाळीत तेलाचे पत्र्याचे डबे चालत आलेत, ते गंजून फुटेपर्यंत चार पावसाळे काढतात. काहीही घे, खालची भोकं मोकळी पाहिजेत. भोकावर फुटक्या कुंडीची खापरी पालथी ठेवायची, म्हणजे पाणी जातं आणि माती राहते. जास्वंद आणि मोगऱ्याला बारा इंची, तगरीला तेवढीच, गोकर्ण आणि झेंडूला दहा, सदाफुलीला आठ पुरते. लहान कुंडीत मोठं झाड कसंबसं जगतं, पण फुलत नाही.

माती म्हणजे नुसती लाल माती नव्हे. ती पहिल्या पावसात मऊ लागते आणि दिवाळीला दगड होते. दोन भाग लाल माती, एक भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट किंवा जाड वाळू, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट हात आखडून घाल. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि कोकोपीट तो सगळा धरून बसतं. शेणखत ताजं असेल तर घेऊ नकोस. चांगल्या शेणखताला शेणाचा वास येत नाही, मातीचा येतो. आणि कुंडी काठोकाठ भरायची नाही, वर दोन बोटं जागा सोड, नाहीतर पाण्याबरोबर खत फरशीवर येतं आणि रोज फडकं मारत बसावं लागतं.

रोपं घेताना हातगाडीवरच्या सगळ्यात फुललेल्या रोपाकडे हात जातो. जाऊ देऊ नकोस. ज्याला फुलं कमी आणि कोवळे फुटवे जास्त, ते घ्यायचं. फुललेलं रोप घरी येऊन पहिले पंधरा दिवस फुलं गाळतं आणि आपल्याला वाटतं आपल्या हाताला गुण नाही. पिशवी उचलून खाली बघ, मुळं बाहेर डोकावत असतील तर रोप पिशवीत बसलेलं आहे, काल खोचलेलं नाही. पुष्कळदा मुळांभोवती चिकट मातीचा कडक गोळा असतो. तो तसाच कुंडीत ठेवला तर पाणी बाजूने निघून जातं आणि आतली मुळं कोरडी राहतात. बादलीत थोडा वेळ भिजवून गोळा हलक्या हाताने सैल कर, मुळं न तोडता. शक्य असेल तर घाई न करता थांब. जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुमाराला भायखळ्याला राणीच्या बागेत महापालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं. १८६२ सालची बाग ती, आपल्यापासून बसने दोन पावलांवर. प्रदर्शनात काही विकत घेतलं नाहीस तरी चालेल, कुंडीत कुठलं झाड केवढं होऊ शकतं हे डोळ्यांनी बघून ये.

आता कुठली झाडं. पहिली गावठी लाल जास्वंद, पाच पाकळ्यांची. मोठ्या रंगीत कलमी जास्वंदी दिसायला देखण्या, पण त्यांचे लाड फार. गावठी जास्वंद दोन-तीन वर्षांची झाली की ऊन असेल तोवर रोज एक-दोन फुलं देतेच. तिची एक युक्ती सांगते. उद्या उमलणारी टपोरी कळी आज संध्याकाळी खुडून ठेवली तरी सकाळी ती ताटलीत उमलते, पाण्यात नसली तरी. पहाटे पूजा असेल, किंवा मजल्यावर फुलांवर डोळा असणारं कुणी असेल, तर ही युक्ती कामाला येते. आमच्याकडे एक आजोबा होते, नाव नको, पहाटे फिरायला जाताना कापडी पिशवी घेऊन जायचे आणि येताना ती भरलेली असायची. तेव्हापासून सगळा मजला संध्याकाळी कळ्या खुडतो.

दुसरी सदाफुली. ही भिंतीच्या भेगेत उगवते, तुझ्या कुंडीत का नाही उगवणार? उन्हात ठेव, पाणी कमी दे, बस. लोक मधुमेहावर तिची पानं चघळतात, तो उद्योग करू नकोस. ते विषारी झाड आहे. आपल्या परळच्या टाटा हॉस्पिटलात, जे १९४१ सालापासून उभं आहे, रक्ताच्या कर्करोगावर जी औषधं देतात त्यांतलं व्हिनक्रिस्टिन याच सदाफुलीतून मिळतं. इतक्या ताकदीचं पान डॉक्टरांनी मोजून द्यायचं असतं, आपण चहाबरोबर खायचं नसतं. याच कारणाने घरात लहान मूल असेल तर कण्हेर मुळीच आणायची नाही. तिचं पान, फूल, चीक, सगळंच घातक.

तिसरी गोकर्ण. निळी आणि पांढरी, दोन्हींच्या बिया रात्रभर भिजवून सकाळी बोटाच्या पेराएवढ्या खोल पेरायच्या. दीड-दोन महिन्यांत फूल. ती शेंगेच्या कुळातली, हवेतलं नत्र स्वतःच मिळवते, खत फार मागत नाही. चौथी तगर, पांढऱ्या फुलासाठी, कमी उन्हात चालते. पाचवा मोगरा. ऊन कमी असेल तर मोगऱ्याऐवजी अबोली. अबोलीचं बी वाळलं की त्याच्यावर पाणी पडायचा अवकाश, टचकन फुटतं आणि लांब उडतं. एक झाड लाव, वर्षभरात शेजारच्या कुंड्यांत आपोआप चार दिसतील.

मोगऱ्यावर थोडं जास्त सांगते, कारण सगळ्यांचा मोगरा नुसता पानांनी भरतो आणि सगळे मला विचारतात. मोगरा नव्या फुटव्यावर फुलतो. जुनी लांब फांदी नुसती मिरवते. म्हणून संक्रांत झाली की त्याचं पाणी आठ-दहा दिवस कमी करायचं, सुकू न देता. मग कात्री घेऊन निम्म्याच्या वर छाटायचा, उरलेली पानंही ओरबाडून टाकायची. बघणारा म्हणेल झाड मारलं. वरची दोन बोटं माती उकरून काढ, तिथे शेणखत आणि निंबोळी पेंड भर, आणि मग नेमाने पाणी सुरू कर. पाडव्याच्या आसपास कळ्या दिसतात. पहिला बहर ओसरला की फुललेली टोकं दोन पानं सोडून परत खुडायची, दुसरा बहर येतो, मग तिसरा, पाऊस लागेपर्यंत. छाटायला हात धजत नाही त्याने मोगरा लावू नये.

गुलाबाने सुरुवात करू नकोस. पहिल्याच दिवशी सगळ्यांना गुलाब हवा असतो आणि मुंबईच्या पावसाळ्यात त्याच्या पानांवर काळे ठिपके पडून तो नागडा होतो. अगदीच राहवलं नाही तर दिवाळीनंतर गावठी गुलाबी आण, थंडीत फुलेल. कलमाच्या जोडाखालून फुटलेला फुटवा दिसेल तेव्हा काढ, तो रानगुलाबाचा असतो आणि वरचं कलम उपाशी मारतो. सोनचाफ्याचंही असंच. बियांपासूनचा चाफा फुलायची वाट बघत म्हातारी होशील. कुडाळकडचा वेलणकर जातीचा कलमी चाफा मोठ्या ड्रममध्ये लवकर फुलतो, पण ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची गोष्ट.

झेंडूला पंचांग लागतं. मागच्या दसऱ्याच्या तोरणातली चार टपोरी फुलं सावलीत वाळवून कागदात बांधून ठेव. आषाढी एकादशीला ती कुस्करून बी पेर. श्रावण लागला की हातभर अंतराने नव्हे, कुंडीला एक याप्रमाणे रोप लाव. वीतभर झालं की शेंडा खुड, म्हणजे फांद्या फुटतील. आषाढी ते दसरा, अधिक महिना नसेल तर, तीन महिन्यांना एक-दोन दिवस कमी, आणि झेंडूला तेवढेच लागतात. बाजारातल्या तोरणातली फुलं संकरित असतात, त्यामुळे आईसारखंच फूल येईल असं नाही. पण तोरणाला कोण बघतं इतकं?

शेवंती आणलीस तर एक लक्षात ठेव, जे नर्सरीवाला सांगत नाही. शेवंती रात्र मोठी होते तेव्हा कळी धरते. तिला अंधार मोजता येतो. रात्रभर गॅलरीतला ट्यूब लाइट किंवा रस्त्याचा दिवा तिच्यावर पडत राहिला तर तिला रात्र लहानच वाटते आणि थंडी संपली तरी ती फुलत नाही. आमच्या मजल्यावर दिव्याखालची शेवंती वर्षानुवर्षं हिरवीगार आणि बिनफुलाची होती. कुंडी जिन्यामागच्या काळोख्या कोपऱ्याजवळ, पण दिवसा ऊन येईल अशी सरकवली आणि कळ्यांनी लगडली.

पाणी. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपस. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर नाही. ठरलेली वेळ सकाळची, पण ठरलेलं माप नाही. द्यायचं तेव्हा भोकातून बाहेर येईपर्यंत द्यायचं, रोज पेलाभर वरवर शिंपडायचं नाही. पावसाळ्यात सगळ्यांचं पाणी बंद होतं आणि छपराखालच्या कुंड्या भर पावसात वाळून मरतात, तेवढं बघ. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं. मीठ घातलेलं काही चालत नाही.

कुंडीखालच्या ताटल्या जून ते ऑक्टोबर काढूनच टाक. डेंग्यूचा डास गटारात नाही, अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास उडतो. नुसतं पाणी ओतून उपयोग नाही, त्याची अंडी काठाला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी मरत नाहीत. ताटली घासायला हवी. महापालिकेची माणसं पावसाळ्यात घराघरांत हेच बघत येतात, पिंप, एसीचा ट्रे आणि कुंडीची ताटली. अळ्या सापडल्या तर नोटीस येते.

खाऊ महिन्या-दीड महिन्यातून एकदा, दोन मुठी शेणखत, वरची माती खुरप्याने हलवून. भुईमुगाची पेंड तीन-चार दिवस भिजवून दहापट पाण्यात पातळ करून दिली तर जास्वंद वेडी होते. वास मात्र असा येतो की शेजारी गॅस तपासतात, म्हणून पाहुणे येणार असतील त्या आठवड्यात नको. चहाचा चोथा धुऊन, साखर-दूध काढून. केळ्याची साल वाळवून चुरून. ओली टाकलीस तर झुरळं. आणि मासे धुतलेलं पाणी बिनधास्त घाल, मोगऱ्याला, जास्वंदीला. लगेच वरून माती ओढ, नाहीतर मजल्यावरची सगळी मांजरं तुझ्याकडे मुक्कामाला. देवाच्या फुलांना माशाचं पाणी कसं, म्हणून तुझ्या सासूबाई विचारतील. तुळशीला घालू नकोस, तेवढा मान राख. बाकी झाडं काही सोवळ्यातली नाहीत. कोकणात परसातल्या झाडांना आपण काय घालत होतो ते त्यांनाही माहीत आहे.

जास्वंदीवर कापसासारखं पांढरं दिसलं की तो पिठ्या ढेकूण. पहिल्या दिवशी दिसला तर जुन्या ब्रशने साबणाचं पाणी लावून घासून निघतो. महिन्याने दिसला तर फांदी कापावी लागते. त्याच्या मागे मुंग्या असतात, त्याचा गोड चिकटा खायला त्या त्याला सांभाळतात आणि या फांदीवरून त्या फांदीवर नेतात. मुंग्यांची रांग कुठून येते ते शोध, अर्धं काम तिथेच होतं. कडुनिंबाचं तेल लिटरभर पाण्यात चमचाभर, त्यात साबणाचे चार थेंब, नीट घुसळून संध्याकाळी पानांच्या खालूनही फवार. उन्हात फवारलंस तर पानं करपतील. आठवड्याने परत, असं तीनदा. कापलेली फांदी पिशवीत बांधून कचऱ्यात, खाली भिरकवायची नाही.

कबुतरं कुंडीत बसून माती उकरतात, त्याला औषध नाही. खराट्याचे हीर घे आणि वीतभर लांबीचे मातीत उभे खोच, चार-चार बोटांवर. त्यांना बसायला जागा उरत नाही.

आजूबाजूला इतकी बांधकामं चालू आहेत की पानांवर धुळीचा थर बसतो. आठवड्यातून एकदा पानं धुवायची, पण खालच्या मजल्यावर कुणी मिरच्या वाळत घातल्या आहेत का ते आधी वाकून बघ. मार्च ते मे इथे घरोघर मसाल्याची तयारी चालते. तू धुतलेल्या पानांचं पाणी एखादीच्या ब्याडगीवर पडलं तर बाग बंद पडेल आणि बोलणंही.

फांद्या जूनमध्ये लाव, पहिले दोन-तीन पाऊस झाल्यावर. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, डोळ्याच्या खालून तिरकी कापलेली, वर दोनच पानं ठेवलेली. जास्वंद, तगर, मोगरा तिन्ही लागतात. माझ्या जास्वंदीच्या घेऊन जा. लावल्यावर मुळं फुटली का म्हणून उपटून बघायचं नाही. दोन महिने तिच्याकडे लक्ष नाही असं दाखव.

वाहिलेली फुलं दुसऱ्या दिवशी उतरवलीस की दोरा आणि प्लॅस्टिक काढ, पाकळ्या सुट्या करून उन्हात वाळव आणि जुन्या मडक्यात मातीचा थर, फुलांचा थर असं भरत जा. वर झाकण, खाली भोक. दोन-तीन महिन्यांनी ते खत मोगऱ्याला घाल.

आणि गावाला जाशील तेव्हा. मे महिन्यात कुंड्या सावलीत एकमेकींना खेटून ठेव, मातीवर वाळलेल्या पानांचा थर पसर, आणि चावी समोरच्यांकडे दे. गणपतीला कोकणात गेलीस तर पाण्याची काळजी नाही, तरी चावी दे, आणि त्यांना सांग की फुलं रोज खुडून तुमच्या गणपतीला वाहा. संकोचाने ती बाई फुलं झाडावरच ठेवेल. ठेवलेल्या फुलाचं बी होतं, झाड सगळा जोर बियांत घालतं आणि पुढची कळी धरायला आळशी होतं. गोकर्णीच्या शेंगा, सदाफुलीच्या शेंगा, तुळशीच्या मंजिऱ्या, सगळं खुडायला सांग.